शेरीफच्या कार्यालयातील विशेष पथके : ती कोठून येतात आणि त्यांत कोणाला जाता येते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : भाचा कॅलिफोर्नियात पदवी पूर्ण करतो आहे, त्याला काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफच्या कार्यालयात डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, व्हायचे आहे, आणि जमल्यास सुरुवातीपासूनच स्वाट (धोकादायक प्रसंगांसाठीचे सशस्त्र पथक) किंवा श्वान पथकात जायचे आहे, तर अशा कार्यालयात कोणकोणती विशेष पथके असतात, ती कोणाच्या अधिकारात चालतात आणि त्यांत प्रवेश कसा मिळतो? मी कॅलिफोर्नियातील एका काउंटीत आधी तुरुंगात, मग गस्तीवर आणि शेवटी पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे उत्तर मुख्यतः त्या राज्याला धरून देतो. इतर राज्यांचा उल्लेख जेथे फरक पडतो तेथेच करीन. प्रवेशाचे उत्तर एका वाक्यात संपते : थेट प्रवेश मिळत नाही. मात्र पथकांचे उत्तर तितके सोपे नाही, कारण कोणते पथक कायद्याने सोपवलेल्या कामातून उभे राहिले आहे आणि कोणते निवडून आलेल्या शेरीफने स्वतःच्या इच्छेने उभे केले आहे, हे समजल्याशिवाय त्यात आयुष्याची दहा वर्षे घालावीत की नाही हे ठरवता येत नाही.

मुंबईचे नगरपाल हे मानाचे पद आहे. सुनील गावसकर यांनीही ते भूषवले आहे, आणि त्या पदाला पोलिसी अधिकार नाहीत. अमेरिकेतील काउंटीचा शेरीफ मात्र बहुतेक राज्यांत मतदारांनी, साधारणतः चार वर्षांसाठी निवडून दिलेला पूर्ण अधिकाराचा पोलीस प्रमुख असतो. शहराच्या पोलीस प्रमुखाला महापौर किंवा नगर व्यवस्थापक नेमतो आणि काढूनही टाकू शकतो. शेरीफचे तसे नाही. कॅलिफोर्नियात काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ, म्हणजे तिचा कारभार पाहणारे निवडून आलेले मंडळ, त्याचा अर्थसंकल्प मंजूर करते, पण त्याच्या तपासकामात अडथळा आणण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेला नाही. पैसा एकाच्या हातात आणि हुकूम दुसऱ्याच्या, अशी ही रचना आहे, आणि विशेष पथकांच्या बहुतेक भानगडी याच फटीतून निघतात. लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ खाते देशात सर्वांत मोठे आहे; १९५४ मध्ये लेकवूड या नव्या शहराने स्वतःचे पोलीस दल उभारण्याऐवजी त्याच खात्याशी करार केला, आणि आज ४० हून अधिक शहरे त्या वाटेने गेली आहेत. उलट टोकाला अशा काउंट्या आहेत जेथे रात्रपाळीला संपूर्ण हद्दीत दोन गाड्या फिरत असतात. ‘शेरीफच्या कार्यालयात कोणती पथके असतात’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते. संकेतस्थळावर बारा पथकांची नावे असली, तरी त्यांतील नऊ पथकांची माणसे तीच असण्याची शक्यता मोठी असते.

कायद्याने आलेल्या कामांत पहिला मान तुरुंगाचा. काउंटीचा तुरुंग चालवणे ही शेरीफची जबाबदारी असते आणि मनुष्यबळाचा सर्वांत मोठा वाटा अनेक ठिकाणी तेथेच खर्च होतो. त्यात राहणाऱ्यांपैकी पुष्कळांचा खटला अजून चालायचा असतो. शिवाय २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून कमी गंभीर गुन्ह्यांतील दोषींना राज्याच्या कारागृहांऐवजी काउंटीच्या तुरुंगात ठेवण्यास सुरुवात केली, आणि जे तुरुंग काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधले होते तेथे माणसे वर्षानुवर्षे राहू लागली. या बदलाने ज्या विशेष पथकाचे महत्त्व सर्वांत जास्त वाढवले, त्याचे नाव बाहेर कोणी ऐकलेलेही नसते : वर्गीकरण पथक. नव्याने आणलेल्या प्रत्येक माणसासमोर या पथकाचा डेप्युटी बसतो आणि ठरावीक प्रश्न विचारतो. कोणत्या टोळीशी संबंध आहे का, आत कोणाशी वैर आहे का, पूर्वी कोठडीत कोणाविरुद्ध साक्ष दिली आहे का, औषधे चालू आहेत का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का. माणूस बहुतेक प्रश्नांना ‘नाही’ म्हणतो. खरे उत्तर त्याच्या मानेवरच्या गोंदणात, मागच्या अटकेच्या कागदांत किंवा पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघण्याचे तो टाळतो त्यात असते. वीस मिनिटांत त्याला कोणत्या मजल्यावर, कोणाबरोबर ठेवायचे हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय चुकला तर रात्री दोन वाजता तुरुंगाच्या आपत्कालीन पथकाला ढाली घेऊन धावावे लागते. माझ्या मते शेरीफच्या कार्यालयातील हे सर्वांत बुद्धीचे काम आहे. भरतीच्या भित्तिपत्रकावर मात्र त्याचे छायाचित्र कधी नसते.

दुसरे काम न्यायालयाचे. कैद्यांची ने-आण, न्यायकक्षाची सुरक्षा आणि दिवाणी आदेशांची बजावणी यांसाठी वेगवेगळी पथके असतात. महाराष्ट्रात न्यायालयाचा बेलिफ समन्स बजावतो आणि ताबा घेऊन देतो. कॅलिफोर्नियात त्यातला बराच भाग शेरीफच्या दिवाणी पथकाकडे असतो, फरक इतकाच की तेथे दार ठोठावणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असते. घर रिकामे करून देण्याचा न्यायालयीन आदेश आला की पथक आधी दारावर नोटीस लावते आणि भाडेकरूला पाच दिवसांची मुदत मिळते. मुदत संपल्यावर ठरलेल्या वेळी घरमालक कुलूपवाल्याला घेऊन येतो, डेप्युटी दार ठोठावून मोठ्याने ओळख सांगतात, आत जाऊन प्रत्येक खोली, कपाट आणि न्हाणीघर तपासतात, आत कोणी असल्यास औषधे, कागदपत्रे, पाळीव प्राणी एवढे तरी बरोबर घ्यायला वेळ देतात, आणि मग कुलूप बदलल्यावर ताबा दिल्याच्या कागदावर घरमालकाची सही घेतात. सामान लगेच रस्त्यावर फेकण्याचा अधिकार घरमालकाला नसतो. ते काही दिवस सांभाळावे लागते, आणि हे त्याला तेथल्या तेथे समजावून सांगणे हाही कामाचा भाग आहे. घरगुती हिंसाचारातील संरक्षण आदेश हेच पथक बजावते, तेही विनाशुल्क. बारकाईने पाहिले तर ज्या दारामागे कोण आहे हे ठाऊक नाही अशी दारे हे पथक रोज ठोठावते. स्वाटच्या वाट्याला ती महिन्यातून कधीतरी येतात, आणि तेव्हा त्यांच्यामागे चिलखती गाडी उभी असते.

हे काम नुसते हुकुमाचे पालनही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये, घरकर्जांच्या संकटात, शिकागोचा समावेश असलेल्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी जप्तीत गेलेल्या घरांतून लोकांना बाहेर काढण्याचे काम थांबवल्याचे जाहीर केले. भाडे नियमित भरणाऱ्या कुटुंबांना घरमालकाने कर्ज बुडवल्याचा पत्ताही नसतो आणि पथक दारात उभे राहते, अशी त्यांची तक्रार होती. भाडेकरूंना आधी कळवण्याची तजवीज झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. नेमलेल्या अधिकाऱ्याला असे पाऊल टाकणे फार जड गेले असते.

डोंगरात हरवलेल्यांचा शोध ही तिसरी जबाबदारी. कोलोरॅडो आणि ऑरेगॉनमध्ये ती कायद्यानेच शेरीफवर आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ काउंट्यांतही प्रत्यक्षात तीच पद्धत आहे. (योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या आत मात्र उद्यान सेवेचे रेंजर हे काम करतात, त्यामुळे हद्दीवर हरवलेल्या माणसासाठी पहिला दूरध्वनी कोणी कोणाला करायचा हा प्रश्न खरोखर पडतो.) शोध व बचाव पथकात पगारी डेप्युटी एक किंवा दोन असतात, बाकी सगळे स्वयंसेवक. कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी संगणक अभियंता. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था सह्याद्रीत जे करते तेच हे लोक करतात; येथे त्यांना शेरीफच्या हुकमाखाली, त्याच्या विम्याच्या आणि बिनतारी यंत्रणेच्या छत्राखाली काम करायला मिळते. रस्सीचे काम, हिमप्रपाताचे प्रशिक्षण, पावलांचे ठसे वाचणे यात यांतील अनेकजण पगारी माणसांपेक्षा कितीतरी पुढे असतात, आणि ते मान्य करायला काही डेप्युटींना जड जाते.

आता भाच्याच्या मनातले पथक. स्वाट हे शेरीफच्या इच्छेने उभे राहिलेले पथक आहे. ते ठेवलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. लॉस एंजेलिससारख्या खात्यात ते पूर्णवेळ असते आणि त्यातील काहीजण पाणबुडे आणि निमवैद्यकीय कर्मचारी म्हणूनही तयार केलेले असतात. मध्यम काउंटीत ते जोडकाम असते : माणूस एरवी गस्तीवर, तपासात किंवा तुरुंगात असतो, महिन्यातून एखाद-दोन दिवस सराव करतो, आणि दूरध्वनी आला की हातातले काम टाकून निघतो. त्याची गस्तीची जागा त्या वेळी कोणीतरी भरून काढावी लागते, आणि हा जादा कामाचा खर्च पथकाच्या नावावर कधीच दिसत नाही. छोट्या काउंट्या आणि शहरे मिळून एकच प्रादेशिक पथक चालवतात. तो मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण वर्षातून चार वेळा बाहेर पडणारे पथक कागदावर असले तरी हाताने तयार नसते.

स्वाटची वाट पाहण्याची किंमत काय असते हे एका शेरीफच्या हद्दीतच दिसले. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीत कोलंबाइन हायस्कूलवर हल्ला झाला. तेव्हाच्या शिकवणुकीप्रमाणे आधी पोहोचलेल्यांनी इमारतीला वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहायची होती, आणि तसेच झाले. त्यानंतर देशभर शिकवण उलटली : गोळीबार चालू असेल तर पहिल्याने पोहोचलेल्या डेप्युटीनेच आत शिरायचे. तरीही मे २०२२ मध्ये टेक्ससमधील युवाल्डीच्या शाळेत वेगवेगळ्या खात्यांचे ३७६ अधिकारी जमा झाले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली. म्हणून आज कोणत्याही जबाबदार कार्यालयात या प्रसंगाचे प्रशिक्षण स्वाटपुरते ठेवलेले नसते. दिवाणी नोटिसा वाटणाऱ्या डेप्युटीलाही ते घ्यावे लागते.

स्वाटला चिकटूनच पण वेगळे असे वाटाघाटी पथक असते. त्यातले दृश्य फारसे थरारक नसते. एका बंद गाडीत एक डेप्युटी कानाला यंत्र लावून घरात कोंडून घेतलेल्या माणसाशी बोलत असतो. शेजारी दुसरा फक्त ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो. तिसरा भिंतीवरच्या फळ्यावर मुलांची नावे, बोलण्यात टाळायचे विषय, दिलेली आश्वासने आणि त्यांच्या वेळा लिहीत जातो. बोलणारा थकला किंवा सूर जमला नाही तर माणूस बदलतो. चार-पाच तासांनी तो माणूस शर्ट वर करून, रिकामे हात दाखवत बाहेर येतो, आणि वर्तमानपत्रात छायाचित्र चिलखती गाडीचे छापून येते. त्या गाडीबद्दलही सांगायला हवे. केंद्रीय सरकारच्या १९९७ पासूनच्या योजनेतून लष्कराची जादा सामग्री स्थानिक दलांना मिळते, आणि अनेक शेरीफांनी सुरुंगरोधक वाहनेसुद्धा घेतली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला की अशा सामग्रीच्या वापराचे धोरण पर्यवेक्षक मंडळाकडून उघड बैठकीत मंजूर करून घ्यावे आणि दरवर्षी अहवाल द्यावा. हे अहवाल सार्वजनिक असतात. कोणत्याही काउंटीचे स्वाट खरोखर किती वेळा आणि कशासाठी बाहेर पडते याचा अंदाज घ्यायचा असेल तर भरतीची चित्रफीत बघण्यापेक्षा तो अहवाल वाचावा.

श्वान पथकाची ओढ मला समजते, पण तेथे जाणाऱ्याने आधी कायद्याचे वाचन करावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले की वॉरंटशिवाय घराच्या ओसरीवर कुत्रा आणून हुंगवणे ही झडती होते. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की वाहतुकीच्या नियमभंगासाठी थांबवलेली गाडी, नियमभंगाची चिठ्ठी देऊन झाल्यावर, केवळ कुत्र्यासाठी ताटकळत ठेवता येत नाही. त्या खटल्यात जादा वेळ जेमतेम सात-आठ मिनिटांचा होता. नंतर गांजा अनेक राज्यांत वैध झाला आणि नवाच पेच उभा राहिला : गांजाचा वास ओळखायला शिकवलेला कुत्रा इशारा म्हणून खाली बसला, तर तो वैध गांजासाठी बसला की मेथसारख्या बेकायदा अमली पदार्थासाठी, हे तो सांगू शकत नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा कुत्र्याच्या हुंगण्याला झडतीच मानले. चांगले शिकलेले कुत्रे मुदतीआधी निवृत्त करून नव्यांना गांजाशिवाय शिकवावे लागले. पथकातील डेप्युटीच्या दिवसाचा मोठा भाग सराव आणि त्याच्या नोंदी यांत जातो, कारण न्यायालयात आरोपीचा वकील कुत्र्याची नाही, त्या वहीची उलटतपासणी घेतो. कुत्रा घरी डेप्युटीजवळच राहतो. त्याची निगा हे पगारी काम धरले जाते, पण सुटीवर जायचे झाले तर आधी कुत्र्याची सोय करावी लागते. कुटुंबाला विचारल्याशिवाय या पथकात अर्ज करू नये.

बॉम्ब शोधक व नाशक पथकाबद्दल एवढेच पुरे की देशातील सर्व सार्वजनिक सेवेतील बॉम्ब तंत्रज्ञांना अलाबामातील हंट्सव्हिल येथे, रेडस्टोन आर्सेनलवरील एफबीआयच्या प्रशाळेतच प्रमाणपत्र घ्यावे लागते. जागा थोड्या असतात आणि एखादी मोकळी होईपर्यंत वर्षे जातात. हेलिकॉप्टर विभाग मोठ्या काउंट्यांतच परवडतो, आणि अर्थसंकल्प आखडला की त्याच्या उड्डाणांचे तास सर्वांत आधी कापले जातात.

मानसिक आजाराच्या तक्रारींसाठीचे पथक मात्र वाढत चालले आहे, आणि ते वाढायलाच हवे. लॉस एंजेलिस काउंटीत १९९० च्या दशकापासून एक डेप्युटी आणि मानसिक आरोग्य विभागाचा एक तज्ज्ञ एकाच गाडीतून अशा ठिकाणी जातात. या गाड्या कमी आणि मागणी फार, त्यामुळे त्या पोहोचेपर्यंत साधी गस्तीची गाडी पोहोचलेली असते. म्हणून १९८८ मध्ये मेम्फिसमध्ये सुरू झालेल्या धर्तीवर गस्तीवरच्या डेप्युटींनाही ४० तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजली. पदवीला मानसशास्त्र घेतलेल्या उमेदवाराला, माझ्या अनुभवाप्रमाणे, येथे वाव लवकर मिळतो.

तपास विभागातील पथके सर्वांत जास्त शेरीफच्या कलाने चालतात, आणि याची दोन टोके सांगण्यासारखी आहेत. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत १९८२ पासून ग्रीन नदीच्या परिसरात स्त्रियांचे मृतदेह सापडू लागले आणि शेरीफच्या अधिकाऱ्यांचे खास तपास पथक बसले. वर्षे गेली, माणसे कमी होत गेली, टीका झाली. पण १९८७ मध्ये एका संशयिताच्या लाळेचा घेतलेला नमुना जपून ठेवला होता. २००१ मध्ये नव्या डीएनए तंत्राने तो जुळला, गॅरी रिजवेला अटक झाली आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. दुसरे टोक ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीचे. तेथे शेरीफ जो आर्पायो यांच्या काळात बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध खास पथक जोरात होते आणि प्रसिद्धी त्याचीच होती; त्याच खात्यात २००५ ते २००७ या काळातील ४०० हून अधिक लैंगिक गुन्ह्यांचा तपास नीट झालाच नव्हता, असे पुढे उघड झाले. मे २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने गस्तीत वंशाच्या आधारे लोकांना अडवले गेल्याचा निर्णय दिला, आणि न्यायालयीन देखरेख व सुधारणांचा प्रचंड खर्च काउंटीच्या करदात्यांवर पडला. आर्पायो २०१६ ची निवडणूक हरले. त्या स्थलांतरविरोधी पथकात कारकीर्द घडवायला निघालेल्यांचे काय झाले असेल याचा विचार भाच्याने जरूर करावा. शेरीफ बदलला की पथकाची पाटी एका आठवड्यात उतरू शकते, तुरुंग आणि दिवाणी शाखा मात्र उतरत नाहीत.

आता प्रत्यक्ष मार्ग. कॅलिफोर्नियात शांतता अधिकारी, म्हणजे पोलिसी अधिकार असलेला कर्मचारी, होण्यासाठी वय किमान २१ लागते, आणि जानेवारी २०२३ पासून नागरिकत्वाची अट राज्याच्या कायद्यातून गेली असून केंद्रीय कायद्याने काम करण्याचा परवाना पुरेसा धरला जातो. तरी प्रत्येक काउंटीची स्वतःची जाहिरात तपासावी. लेखी व शारीरिक चाचणी, मानसशास्त्रीय तपासणी, वैद्यकीय तपासणी आणि कित्येक महिने चालणारी पार्श्वभूमीची चौकशी यांतून गेल्यावर किमान ६६४ तासांची अकादमी, म्हणजे पोलीस प्रशिक्षण, असते. जाहिरातीतले पद नीट वाचावे, कारण काही काउंट्यांत तुरुंगापुरता नेमलेला कर्मचारी वेगळ्या वर्गात असतो आणि त्याला गस्तीवर जायचे तर पूर्ण अकादमी नव्याने करावी लागते. पूर्ण अधिकाराचा डेप्युटी झाला तरी बहुतेक ठिकाणी पहिली काही वर्षे तुरुंगातच जातात, मग गस्तीवर किमान दहा आठवडे प्रशिक्षक अधिकाऱ्याच्या शेजारी बसावे लागते, आणि त्यानंतर एकट्याने काम करून नाव झाल्यावर विशेष पथकाचा अर्ज स्वीकारला जातो.

निवड समितीवर मी बसलो आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो : दंड किती भरदार आहेत यावर जागा मिळत नाही. समिती आधी त्या डेप्युटीचे जुने अहवाल मागवते आणि ते वाचून प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो का ते बघते. नंतर तुरुंगातल्या त्याच्या जुन्या सार्जंटला फोन होतो. कैद्याने शिवी दिल्यावर हा काय करायचा, पाळी संपताना काम पुढच्यावर ढकलायचा का, एवढेच विचारले जाते. भाच्याला तोपर्यंत थांबायचे नसेल तर आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे : राहत्या काउंटीच्या शोध व बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा. तेथे पार्श्वभूमीची चौकशी होते, कार्यालय आतून दिसते, शनिवार-रविवार जातात आणि बूट स्वतःच्या पैशांनी घ्यावे लागतात.